जिनिंगचा बॅकअप सर्व्हर भरलाय, जुनं काय उडवायचं आणि कसं?

धरणगावजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कॉम्प्युटरचं सगळं बघणाऱ्या एका भाऊंचा प्रश्न आहे. दोन व्हीएम, म्हणजे एकाच मशीनमध्ये चालणारे आभासी कॉम्प्युटर, आहेत. एकीत टॅली, दुसरीत काटापट्टी (वजनाची पावती) आणि शेतकऱ्यांच्या चुकाऱ्यांचं सॉफ्टवेअर, तेही एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसवर. तिसरी जुन्या सॉफ्टवेअरची व्हीएम मागेच बंद केलीय. बॅकअप प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर या सॉफ्टवेअरवर जातात, त्या मशीनमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या मिररमध्ये (दोन्हींवर सारखाच डेटा) आहेत. त्याच मशीनवर एक शेअर फोल्डर आहे, त्यात एसक्यूएलच्या बॅक फाइली (डेटाबेसच्या बॅकअप फाइली) रोज झिप करून टाकल्या जातात. जागा ९६ टक्के भरली. स्क्रीनवरून जुने बॅकअप उडवले तरी जागा तेवढीच दिसते. मित्राने सुचवलं की फाइंडची (लिनक्समध्ये फाइली शोधून उडवू शकणारी कमांड) एक ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) टाक, ६० दिवसांपेक्षा जुनं सगळं रोज रात्री आपोआप उडेल. शेठ म्हणतात, "डिस्क भरी गयी ते नवी लई ये." स्क्रिप्ट लावू का, आणि किती जुनं ठेवू, असं विचारलंय.

भाऊ, स्क्रिप्ट लावू नका. ती ओळ डेटास्टोअरवर, म्हणजे बॅकअप सर्व्हर जिथे बॅकअप ठेवतो त्या फोल्डरवर, चालली तर पहिल्याच रात्री सगळे बॅकअप निकामी होतील, कालचेसुद्धा. ते कसं, हे आधी सांगतो, कारण बाकीचं उत्तर त्यातूनच निघतं.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर रोजचा बॅकअप एक अख्खी वेगळी फाइल म्हणून ठेवत नाही. व्हीएमच्या डिस्कचे तो ४ एमबीचे तुकडे करतो, त्यांना चंक म्हणतात. जो तुकडा आधीच साठवलेला आहे तो पुन्हा लिहीत नाही. मग रोजच्या बॅकअपमध्ये असतं काय, तर एक यादी: त्या दिवशीची डिस्क उभी करायला कोणते तुकडे कुठे लावायचे. विंडोजच्या फाइली ज्या तुकड्यांत आहेत ते तुकडे पहिल्या बॅकअपला लिहिले गेले, समजा दोन वर्षांपूर्वी, आणि त्यांच्यावर तारीखही तेव्हाचीच. आज पहाटेचा बॅकअपही त्याच तुकड्यांवर उभा आहे. फाइंडला हे काहीच माहीत नाही. त्याला तारीख दिसते, साठ दिवस उलटलेले दिसतात, तो उडवतो. म्हणजे सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत जास्त वापरात असलेले तुकडे आधी जातात. गेल्या साठ दिवसांच्या याद्या मात्र जागेवर राहतात, स्क्रीनवर त्या बॅकअपची रांग जशीच्या तशी दिसते, आणि रिस्टोअर करायला बसलात की चंक सापडत नाही म्हणून काम थांबतं. डेटास्टोअरच्या आत 'डॉट चंक्स' नावाचं फोल्डर आहे, त्यात आपल्या हाताने काही उडवायचं नाही. जागा कितीही खात असलं तरी नाही.

आता जागा का सुटली नाही ते. तुम्ही स्क्रीनवरून उडवल्या त्या फक्त याद्या. सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून शेत जागचं हलत नाही, तसंच हे. तुकडे उचलण्याचं काम वेगळं, त्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात, आणि ते दोन फेऱ्यांत होतं. पहिल्या फेरीत सर्व्हर शिल्लक असलेली प्रत्येक यादी वाचतो आणि तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याची 'शेवटचा वापर' ही वेळ आजची करतो. दुसऱ्या फेरीत, ज्या तुकड्यांची ही वेळ २४ तास ५ मिनिटांपेक्षा जुनी आहे ते उडवतो. ही मुदत मुद्दाम ठेवलेली आहे. लिनक्समध्ये डिस्क साधारणपणे रिलेटाइम पद्धतीने माउंट होते आणि त्या पद्धतीत वापराची वेळ दर वाचनाला नोंदली जात नाही, चोवीस तास उलटल्यावर नोंदली जाते. वरची पाच मिनिटं सुरक्षेची.

म्हणजे काल रात्री गार्बेज कलेक्शन झालं असेल, आज सकाळी तुम्ही बॅकअप उडवले आणि दुपारी पुन्हा गार्बेज कलेक्शनचं बटण दाबलं, तर त्या तुकड्यांना काल रात्रीचीच खूण असते. ते उडत नाहीत. लॉगमध्ये 'पेंडिंग रिमूव्हल्स' म्हणून एक आकडा दिसेल, तुमची सुटणारी जागा तीच. उद्या रात्री परत चालवा, तोच आकडा 'रिमूव्हड गार्बेज'च्या ओळीत आलेला दिसेल. बटण मध्येच दोनदा दाबलं म्हणून मुदत लांबत नाही, कारण यादीत नसलेल्या तुकड्यांना नवीन खूण लागत नाही. आणि हे काम मध्येच लाइट गेल्याने थांबलं तरी बिघडत नाही, पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतं. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे.

उद्याही जागा सुटली नाही तर झेडएफएसचे स्वतःचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती, तपासा. बऱ्याच जणांनी कधीतरी ऑटो-स्नॅपशॉट लावून ठेवलेला असतो आणि मग विसरतात. स्नॅपशॉट असेल तर उडवलेला तुकडाही त्याच्या पोटात तसाच राहतो. बॅकअपच्या डेटास्टोअरवर महिनोन्महिन्यांचे झेडएफएस स्नॅपशॉट ठेवण्यात अर्थ नाही. चुकीच्या हाताने काही उडालं तर परत मिळावं म्हणून तीन-चार दिवसांचे पुरे.

एक धोका मात्र आजच टाळा. झेडएफएस कॉपी-ऑन-राइट आहे, म्हणजे जुन्या जागेवर लिहीत नाही, प्रत्येक बदलाला नवीन जागा घेतं. तुकड्यावर वापराची वेळ टाकणं हाही बदलच. डिस्क पूर्ण भरली की गार्बेज कलेक्शनची पहिली फेरीच 'जागा नाही' म्हणून थांबते, आणि जागा मोकळी करायला जागा नाही अशी गोची होते. ९६ वरून १०० ला जायला सीझनमध्ये फार दिवस लागत नाहीत. म्हणून आज रात्रीचे बॅकअप सुरू होण्याआधी शेअर फोल्डरमधल्या सगळ्यांत जुन्या झिप फाइली एका यूएसबी डिस्कवर घ्या, दोन-चार उघडून बघा, मग इथून काढा. तेवढ्याने श्वास घ्यायला जागा होईल. सगळं मार्गी लागलं की पूलमध्ये (झेडएफएसच्या एकूण जागेत) एक रिकामा डेटासेट (स्वतंत्र कप्पा) करून त्याला ५० जीबीचं रिझर्व्हेशन देऊन ठेवा. पुढे कधी डिस्क भरलीच तर ते रिझर्व्हेशन काढायचं, तेवढी जागा लगेच हातात येते.

उडवणं आणि जागा सुटणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे फक्त याच सॉफ्टवेअरचं नाही. रेस्टिक, बोर्ग आणि व्हीम ही बॅकअपचीच दुसरी सॉफ्टवेअर. रेस्टिकमध्ये 'फर्गेट' यादी काढतं आणि 'प्रून' जागा सोडवतं. बोर्गमध्ये १.२ आवृत्तीपासून 'प्रून'नंतर 'कॉम्पॅक्ट' वेगळं चालवावं लागतं. जुनी स्क्रिप्ट तशीच ठेवून आवृत्ती बदलणाऱ्यांच्या डिस्क त्यामुळेच भरल्या. व्हीममध्ये साध्या इन्क्रिमेंटल (रोज फक्त बदल साठवायच्या) पद्धतीत सात प्रतींचा नियम आणि आठवड्याला एक फुल (पूर्ण प्रत) असेल, तर डिस्कवर तेरा-चौदा प्रती दिसतात. जुन्या साखळीतली शेवटची प्रत मुदतीबाहेर गेल्याशिवाय त्या साखळीची फुल काढता येत नाही, नाहीतर मधल्या सगळ्या लटकतात. एसक्यूएलच्या फुल आणि डिफरन्शियल (फुलनंतरचे बदल साठवणाऱ्या) फाइलींचंही तसंच. फुल गेली की तिच्यावरच्या डिफरन्शियलचा काही उपयोग नाही.

बरं, तुम्ही म्हणाल, डेटास्टोअर सोडून देऊ, शेअर फोल्डरमधल्या झिप फाइलींना तरी ६० दिवसांची स्क्रिप्ट चालेल ना? तिथे चंक नाहीत, प्रत्येक फाइल स्वतंत्र आहे. तरीही नको, आणि त्याचं कारण जिनिंगच्या धंद्यातच आहे.

आपल्याकडे काही व्यापारी गणेश चतुर्थीला मुहूर्ताचं काटापूजन करतात, खरा माल दसरा-दिवाळीला येतो, मार्च-एप्रिलपर्यंत रेटा असतो, आणि मेच्या उन्हात यंत्रं थंड होतात. काट्याची व्हीएम मग कित्येक ठिकाणी बंदच करून ठेवतात. कशाला चालू ठेवायची, काटापट्टीच नाही. व्हीएम बंद, म्हणजे तिच्यातला बॅकअपचा टास्कही बंद. स्टोरेज सर्व्हर मात्र चालूच असतो, कारण ऑफिसच्या फाइली त्याच्यावर आहेत, आणि त्याच्यावरचा क्रॉन रोज रात्री इमानेइतबारे चालतो. व्हीएम बंद झाल्यापासून रोज एक जुनी फाइल जाते, नवी एकही येत नाही. जूनच्या शेवटी शेवटच्या फाइलीचेही साठ दिवस पुरे होतात. जुलै उजाडेपर्यंत फोल्डर रिकामं. भाद्रपदात व्हीएम चालू करायला गेलात आणि ती उठली नाही, तर मागच्या सीझनचे चुकारे, कुणाची किती बाकी, सगळं त्या रिकाम्या फोल्डरमध्ये शोधायचं.

भर सीझनमध्येही हेच होऊ शकतं. कुणी एसक्यूएलचा पासवर्ड बदलला, टास्क शेड्युलरमध्ये जुनाच राहिला, बॅकअप गुपचूप फेल होत राहिले. गाठी, सरकी, वजनं या धावपळीत कोण बघतंय? दोन महिने लक्ष गेलं नाही की शेवटची चांगली फाइलही स्क्रिप्टने नेलेली असते. रावेर-यावलकडच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये, साखर कारखान्यात, जिथे जिथे धंदा हंगामाचा आहे तिथे हा धोका सारखाच.

कॅलेंडर बघून उडवणारा नियम विचारतो, ही फाइल किती जुनी झाली? त्याने विचारायला हवं ते असं, की हिच्यानंतरच्या चांगल्या फाइली किती आल्या? नवीन आली नसेल तर जुनी कितीही जुनी झाली तरी जाता कामा नये. जुन्या प्रती काढण्याचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे, आणि मी कुठल्याही सर्व्हरवर पहिल्यांदा हेच बघतो.

फाइंडच्या तारखेबद्दल आणखी दोन गोष्टी. 'अधिक ६०' म्हटलं की तो चोवीस तासांचे पूर्ण दिवस मोजतो आणि वरचे तास सोडून देतो, म्हणून फाइल प्रत्यक्षात ६१ दिवस पूर्ण झाल्यावर जाते. हे फार नुकसानीचं नाही. नुकसानीचं हे, की आर-सिंकने (फाइली कॉपी करणारी कमांड) नेहमीच्या '-a' पर्यायाने जुन्या मशीनवरून फाइली आणल्या तर त्यांच्या मूळ तारखाही सोबत येतात. दुपारी तासभर बसून मागच्या वर्षाचं आणून ठेवायचं आणि रात्री क्रॉनने नेऊन टाकायचं. सर्व्हरच्या बोर्डावरचा सेल संपला असेल आणि लाइट गेल्यावर घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात गेलं, तर त्या काळात लिहिलेल्या नव्याकोऱ्या फाइलीही घड्याळ सुधारल्यावर जुन्या ठरतात. घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्यायची सोय चालू आहे ना, तेवढं बघून घ्या.

शेअर फोल्डरला नियम लावायचाच असेल तर स्क्रिप्ट अशी हवी: आजची फाइल आलीय का? तिचा आकार मागच्या फाइलीच्या जवळपास आहे का, की शून्य केबी आहे? झिप उघडते का? तिन्हींना होकार आला तरच सगळ्यांत नवीन ३० फाइली मोजून ठेव आणि त्यापुढच्या उडव. एकालाही नकार आला तर काहीही न उडवता मला मेल कर. दहा-बारा ओळींचं काम आहे. आणि पहिला आठवडा फक्त 'काय उडवलं असतं' एवढंच लॉगमध्ये लिहू द्या, प्रत्यक्ष उडवू देऊ नका.

डेटास्टोअरसाठी तुम्हाला स्क्रिप्ट लिहावी लागतच नाही, प्रून जॉब (जुन्या बॅकअपच्या याद्या नियमाने काढणारं काम) तयारच आहे आणि तो मोजणारा आहे. 'कीप-डेली १४' याचा अर्थ गेले चौदा दिवस असा नसून ज्या दिवशी बॅकअप झाला असे शेवटचे चौदा दिवस असा आहे. मेपासून व्हीएम बंद असून तिचा बॅकअपही होत नसेल तर एप्रिलमधले चौदा तसेच राहतात, बॅकअप पुन्हा सुरू होईपर्यंत. रेस्टिक आणि बोर्गचेही दिवस-आठवडे-महिन्यांचे नियम असेच मोजतात.

तुमच्यासाठी मी हे आकडे ठेवीन: कीप-लास्ट ३, डेली १४, वीकली ८, मंथली १३. हे नियम एकमेकांच्या पाठीवर बसतात. डेलीने जेवढा काळ घेतला त्याच्या मागे वीकली सुरू होतो, त्याच्या मागे मंथली. चौदा दैनिक यासाठी, की काटापट्टीतली चूक बहुधा पंधरा दिवसांच्या आत, चुकारा घ्यायला शेतकरी आला की लक्षात येते. तेरा मासिक यासाठी, की बॅकअप न झालेले महिने मोजले जात नसल्यामुळे त्यात तुमचे जवळजवळ दोन सीझन बसतात. फक्त कीप-लास्टवर मात्र सगळं सोपवू नका. सॉफ्टवेअर अपडेट करताना कुणी भीतीने एकाच दुपारी सात वेळा 'बॅकअप नाऊ' दाबलं, आणि नियम फक्त 'शेवटचे ७' असा असेल, तर त्या दुपारच्या सात प्रती राहतात आणि त्याआधीचं सगळं जातं.

कीप-इयरली मी मुद्दाम घेतलेलं नाही. हा नियम प्रत्येक कॅलेंडर वर्षातली शेवटची प्रत ठेवतो, म्हणजे ३१ डिसेंबरची. तुमच्या दृष्टीने त्या तारखेला काय होतं? काही नाही. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, कापसाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. ३१ डिसेंबरला तुम्ही भर सीझनमध्ये असता, अर्ध्या नोंदी कच्च्या असतात. तुम्हाला हवी ती प्रत मार्चअखेरची, आणि त्याहून जास्त म्हणजे सीएने ऑडिटच्या सगळ्या नोंदी टाकून वर्ष बंद केल्यानंतरची. ती तारीख कुठल्याही नियमाला कळणार नाही. ज्या दिवशी सीए 'झालं' म्हणतील त्या दिवशी हाताने एक बॅकअप घ्या, त्यावर टीप लिहा आणि 'प्रोटेक्टेड' खूण करा. खूण असलेली प्रत प्रून उडवत नाही.

आता किती वर्षं ठेवायचं, यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. बॅकअप हा काल बिघडलेलं आज उभं करण्यासाठी. कायद्याने ठेवायची कागदपत्रं ही वेगळी बाब, आणि तिचा भार बॅकअपच्या साखळीवर टाकला की डिस्क कधीच पुरत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. जीएसटीत कलम ३६ प्रमाणे वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२४-२५ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ ला देय धरलं, तर त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. एखादं प्रकरण अपिलात असेल तर त्याहून पुढे. कंपन्यांसाठी आणखी एक गोष्ट: इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेतला पाहिजे, असा बदल २०२२ मध्ये नियमांत झालाय. परदेशातल्या क्लाउडवर एकुलती एक प्रत ठेवून ते भागत नाही.

हे सगळं दरवर्षी एका फोल्डरमध्ये बांधून ठेवा. टॅलीचा त्या वर्षाचा डेटा, एसक्यूएलची एक बॅक फाइल, आणि खातेवही, काटापट्टी, चुकाऱ्याची यादी पीडीएफमध्ये. पीडीएफ का, तर सहा वर्षांनी ते काट्याचं सॉफ्टवेअर बनवणारा माणूस धंद्यात असेलच असं नाही, आणि नव्या एसक्यूएलची बॅक फाइल जुन्या एसक्यूएलवर रिस्टोअर होत नाही. फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलीत सॉफ्टवेअर आणि एसक्यूएलची आवृत्ती लिहा. दोन डिस्कवर ठेवा. वर्षाला काही जीबींचं काम आहे. एकदा हे झालं की शेअर फोल्डरमधल्या तीन वर्षांच्या रोजच्या झिप ठेवण्याचं कारणच उरत नाही.

त्या झिपबद्दल थोडं अजून. तुमच्या डिस्कचा मोठा वाटा त्याच खात असणार. एसक्यूएल एक्सप्रेसमध्ये बॅकअप कॉम्प्रेस करायची सोय नाही म्हणून सगळे झिप करतात, ते समजतं. पण झिप केलेली फाइल रोज आतून-बाहेरून नवीन असते, कालच्या झिपशी तिचा एकही तुकडा जुळत नाही. शेअर फोल्डरमध्ये जाण्याआधी ती व्हीएमच्या डी ड्राइव्हवर बनत आणि तिथेही साठत असेल, तर व्हीएमच्या बॅकअपमध्ये ती पुन्हा जाते. एकाच डेटाची तीन-तीन ठिकाणी मुदत सांभाळत बसायची. डी ड्राइव्हवर फक्त शेवटची एक फाइल ठेवा, आणि तिथे झिप करूच नका. बॅकअप सर्व्हर तुकडे स्वतःच कॉम्प्रेस करून लिहितो. शिवाय व्हीएमच्या डिस्कला डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा खालच्या डिस्कला कळवणारी सोय) चालू करा, नाहीतर विंडोजमधून उडवलेल्या फाइलींचे ब्लॉक बॅकअपमध्ये तसेच जात राहतात.

बंद केलेली तिसरी व्हीएम आठवते ना? तिला नवीन बॅकअप येत नाही, म्हणून मोजणारा नियम तिच्या शेवटच्या प्रती कधीच उडवणार नाही. ज्या गुणामुळे उन्हाळ्यात तुमची काटापट्टी वाचते त्याचीच ही दुसरी बाजू. तिची एक प्रत प्रोटेक्ट करून बाकीचा गट हाताने काढा. तिचा नंबर नव्या व्हीएमला देऊ नका. तोच नंबर दिला तर नवे बॅकअप जुन्याच गटात जमा होतात आणि नव्या प्रती येतील तशा जुन्या सॉफ्टवेअरच्या प्रती नियमाप्रमाणे बाहेर पडतात, कुणाला कळतही नाही. रेस्टिक वापरणाऱ्यांना याच जातीची वेगळी अडचण येते: तो नियम मशीनचं नाव आणि फोल्डरचा मार्ग यांच्या जोडीवर लावतो, म्हणून मशीनचं नाव बदललं की जुन्या नावाच्या प्रती कायम पडून राहतात.

मोजणाऱ्या नियमाला एक गोष्ट दिसत नाही, प्रतीच्या आत काय आहे ती. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर लॉक झालेल्या फाइलींचाही बॅकअप रोज व्यवस्थित होतो, आणि तो चौदा दिवसांत चांगल्या दैनिक प्रती एकेक करून बाहेर ढकलतो. आठवड्याच्या आणि महिन्याच्या प्रती यासाठी हव्यात. पण त्याआधी लक्षात यायला हवं, आणि त्याची खूण सोपी आहे. रोज ४-५ जीबी नवीन डेटा येणाऱ्या व्हीएमला एका रात्रीत ९० जीबी आला, तर प्रून जॉब थांबवा आणि मग कारण शोधा.

उडवण्याचा अधिकार कुणाला, हेही ठरवा. व्हीएम चालवणाऱ्या होस्टला बॅकअप सर्व्हरवर जे टोकन (लॉगिनची किल्ली) दिलंय त्याला 'डेटास्टोअर-बॅकअप' एवढीच भूमिका द्या. 'डेटास्टोअर-पॉवर-युजर' दिलीत तर तोच होस्ट प्रूनही करू शकतो, आणि होस्ट कुणाच्या हाती लागला तर बॅकअपही त्याच्या हाती जातात. प्रून जॉब बॅकअप सर्व्हरवरच लावा. वेळ पहाटेची धरा, बॅकअप संपल्यावर प्रून, मग गार्बेज कलेक्शन, आणि रविवारी व्हेरिफाय. दुपारी नको. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि काट्याच्या केबिनमागे ठेवलेल्या सर्व्हरच्या डिस्कना त्या वेळी तासन्‌तास वाचायला लावणं म्हणजे त्यांचं आयुष्य कमी करणं.

व्हेरिफाय तुकडे शाबूत आहेत एवढंच सांगतं. डेटाबेस उघडतो का, हे रिस्टोअर केल्याशिवाय कळत नाही. काटापूजनाच्या आठवडाभर आधी काट्याची व्हीएम वेगळ्या नंबरने रिस्टोअर करा, नेटवर्क काढून चालू करा, मागच्या सीझनच्या शेवटच्या दिवसाची काटापट्टी उघडून बघा. दिवाणजींना शेजारी बसवा, आकडे बरोबर आहेत का ते त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

आता शेठचा मुद्दा. नवी डिस्क लागेल का? हिशेब करून बघू. समजा दोन्ही व्हीएम मिळून भरलेला डेटा २०० जीबी. रोजचा बदल ५ जीबी. हा आकडा नोंदींच्या मानाने मोठा वाटेल, पण एसक्यूएलने ८ केबीचं एक पान बदललं तरी ४ एमबीचा अख्खा तुकडा नवा होतो. चौदा दैनिकांचे ७०, आठवड्याच्या प्रतीला १२ धरले तर आठांचे ९६, महिन्याच्या प्रतीला २५ धरले तर तेरांचे ३२५. सगळं मिळून सातशे जीबीच्या आत. ४ टीबीच्या मिररमध्ये हे आरामात बसतं आणि झेडएफएसला लागणारी वीस टक्के मोकळी जागाही राहते. तुमचे खरे आकडे बॅकअपच्या लॉगमध्ये आहेत, ते या हिशेबात घालून बघा. ८० टक्क्यांना मेल येईल अशी सोय मात्र करा, ९६ ला डोळे उघडून उपयोग नाही.

म्हणजे या सर्व्हरसाठी नवी डिस्क नको. पण शेठ पैसे काढायला तयार आहेत तर डिस्क घ्या, दुसऱ्या कामासाठी. जिनिंगमध्ये रुईला आग लागणं नवीन नाही, आणि सर्व्हर, मिरर, शेअर फोल्डर सगळं एकाच कंपाउंडमध्ये आहे. दोन यूएसबी डिस्क घ्या, एक कारखान्यात, एक शेठच्या घरी, आठवड्याला अदलाबदल. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरच्या आवृत्ती ३.३ पासून अशी डिस्क रिमूव्हेबल डेटास्टोअर म्हणून लावता येते आणि सिंक जॉबने तिच्यावर प्रती घेता येतात. त्या जॉबमध्ये 'रिमूव्ह व्हॅनिश्ड' बंद ठेवा. चालू असेल तर इथे उडालेली प्रत तिथेही उडते, चुकून उडवलेलीसुद्धा. त्या डिस्कला तिचा स्वतःचा प्रून नियम द्या, मासिक २४ पर्यंत वाढवा, आणि तिच्यावरही गार्बेज कलेक्शन चालवायला विसरू नका, नाहीतर काही महिन्यांनी तीही भरलेली दिसेल.